पाणी, वीज आणि अजाणतेपणाचा दोष

हॉट टब म्हणजे चार-सहा माणसांना एकत्र बसता येईल असा गरम पाण्याचा हौद. पाणी तापवणारा हीटर, ते खेळते ठेवणारा पंप, हवेचे झोत सोडणारा ब्लोअर आणि या सर्वांना चालवणारा कंट्रोल बोर्ड त्याच्या पोटातच बसवलेला असतो. १९६०च्या दशकात कॅलिफोर्नियात द्राक्षमद्याच्या जुन्या लाकडी पिंपांपासून लोकांनी असे टब तयार केले. आज अमेरिका आणि कॅनडातील असंख्य घरांच्या परसात अॅक्रिलिकचे, कारखान्यात तयार झालेले टब दिसतात. नवा टब महाग असतो, म्हणून वापरलेल्या टबांची देवघेव मोठी आहे. घर विकताना किंवा गाव बदलताना लोक तो स्वस्तात विकतात, कधी उचलून नेण्याच्या बोलीवर फुकटही देतात. तिकडे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना तो पुष्कळदा विकत घेतलेल्या घराबरोबरच मिळतो.

अशा टबाला वीज कशी जोडायची याचे काटेकोर नियम आहेत. त्या नियमांच्या मुळाशी एक फार जुना नैतिक प्रश्न आहे. ज्याच्या मनात कोणाचेही वाईट करण्याचा विचार नव्हता आणि ज्याला धोक्याची कल्पनाही नव्हती, त्याच्या हातून कोणी दगावले तर त्याला दोषी का मानायचे? आणि तशाच जोडणीतून कोणालाही इजा झाली नाही, तर त्याला निर्दोष म्हणायचे का? धर्मग्रंथांनी आणि तत्त्वचिंतकांनी या प्रश्नाचा खोलवर विचार केला आहे. त्या विचाराचा रोख असा, की पाण्यात उतरणाऱ्याला जो धोका पारखता येत नाही तो पारखणे हे टब बसवणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि ते टाळल्याचा दोष अपघाताची वाट पाहत नाही. हा विचार समजून घेण्यासाठी आधी धोक्याचे आणि नियमांचे स्वरूप पाहणे आवश्यक आहे.

धोक्याचे स्वरूप

विजेचा धोका इंद्रियांना कळत नाही. विस्तवाची धग लागते, विहिरीचा काठ दिसतो, सडलेले अन्न वासावरून ओळखू येते. विद्युतभारित पाणी मात्र साध्या पाण्यासारखेच दिसते. त्यात उतरलेल्या माणसाला धोका कळतो तो करंट शरीरातून गेल्यावरच.

कोरडी त्वचा विजेला बराच विरोध करते. तो हजारो ओमपासून एक लाख ओमपर्यंत असू शकतो. भिजलेल्या शरीराचा विरोध सुमारे हजार ओमपर्यंत उतरतो. अमेरिकेत घरातल्या साध्या प्लगमध्ये १२० व्होल्टचा दाब असतो. हजार ओमच्या शरीरावर तो दाब पडला तर सुमारे १२० मिलिअँपिअर प्रवाह वाहील. माणसाला साधारण एक मिलिअँपिअर प्रवाहाची झिणझिणी जाणवते. दहा ते सोळा मिलिअँपिअरच्या आसपास स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सोडता येत नाही. वीज माणसाला चिकटवून घेते असे म्हणतात ते हेच. पन्नास ते शंभर मिलिअँपिअर प्रवाह छातीतून गेल्यास हृदयाचे ठोके विस्कळीत होऊन मृत्यू येऊ शकतो. पाण्यात यापेक्षा कमी प्रवाहही जीवघेणा ठरतो, कारण हातपाय लुळे पडलेला माणूस कमरेएवढ्या पाण्यातही बुडतो.

साधा ब्रेकर अशा वेळी उपयोगी पडत नाही. मोठ्या टबासाठी बहुधा २४० व्होल्ट आणि ५० अँपिअरची जोडणी लागते. तिच्यावरचा ५० अँपिअरचा ब्रेकर त्याहून जास्त प्रवाह वाहू लागल्यावर तुटतो. माणसाचा जीव घेऊ शकणारा शंभर मिलिअँपिअर प्रवाह हा त्याचा पाचशेवा हिस्सा आहे. ब्रेकर वायर जळू नये म्हणून असतो. माणसाच्या शरीरातून जाणाऱ्या एवढ्याशा प्रवाहाची त्याला दखलही नसते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील प्राध्यापक चार्ल्स डाल्झिएल यांनी माणूस किती प्रवाह सोसू शकतो याचा दीर्घकाळ अभ्यास केला आणि १९६०च्या दशकाच्या आरंभी ही उणीव भरून काढणारे उपकरण तयार केले. त्याचे नाव ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर, म्हणजे जीएफसीआय. उपकरणाकडे गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह यांचा मेळ ते सतत घालत असते. हिशेबात सुमारे पाच मिलिअँपिअरची तूट दिसली, की तेवढी वीज पाण्यातून किंवा माणसातून जमिनीत जात आहे असे समजून ते क्षणार्धात पुरवठा तोडते. भारतात घरोघरी बसवला जाणारा आरसीसीबी याच तत्त्वावर चालतो. तो बहुधा ३० मिलिअँपिअरचा असतो.

नियम काय मागतात

अमेरिकेतील वीजजोडणीचे नियम नॅशनल इलेक्ट्रिकल कोड या संहितेत आहेत. तिची पहिली आवृत्ती १८९७ साली निघाली आणि आता ती दर तीन वर्षांनी सुधारली जाते. पोहण्याचे तलाव, कारंजी आणि हॉट टब यांच्यासाठी तिच्यात ६८० हे स्वतंत्र कलम आहे. राज्ये आणि शहरे संहितेच्या वेगवेगळ्या आवृत्त्या स्वीकारतात, म्हणून शेवटचा शब्द स्थानिक निरीक्षकाचा असतो. नियमांचा गाभा मात्र सगळीकडे सारखा आहे.

पहिली अट जीएफसीआयची. टबाला वीज देणाऱ्या जोडणीवर हे संरक्षण हवेच. काही टबांत ते कारखान्यातच बसवलेले असते. दुसरी अट स्वतंत्र जोडणीची. ५० अँपिअरच्या नेहमीच्या जोडणीत चार वायर असतात: दोन फेज, एक न्यूट्रल आणि एक अर्थ. त्या तांब्याच्या आणि प्रवाहाला पुरेशा जाड असाव्या लागतात. १२० व्होल्टवर चालणाऱ्या लहान टबाची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्याच्या वायरीतच जीएफसीआय असतो आणि तो थेट योग्य प्लगमध्ये लावायचा असतो, एक्स्टेन्शन बोर्डाच्या आधाराने नव्हे.

तिसरी अट वीज तोडण्याच्या स्विचची. दुरुस्ती करणाऱ्याला तो टबापासून दिसला पाहिजे, चटकन हाताशी आला पाहिजे. पण पाण्याच्या कडेपासून तो किमान पाच फूट दूर हवा. या एका नियमात दोन माणसांचा विचार आहे. टब उघडून काम करणाऱ्याच्या पाठीमागे कोणी नकळत वीज चालू करू नये म्हणून स्विच नजरेच्या टप्प्यात हवा, आणि पाण्यात बसलेल्याने ओल्या हाताने तो दाबू नये म्हणून अंतर हवे. परसातले प्लगही पाण्यापासून किमान सहा फूट लांब असावे लागतात. त्याच वेळी ठरावीक अंतरात एक प्लग असणेही बंधनकारक आहे. जवळ प्लग नसला की लोक लांबलचक वायर पाण्याजवळून ओढतात, हे नियम करणाऱ्यांना ठाऊक आहे. डोक्यावरून जाणाऱ्या तारांचा प्रश्नही असतो. तारेच्या प्रकारानुसार पाण्यापासून साडेबावीस फूट किंवा त्याहून अधिक अंतर राखावे लागते.

चौथी अट बाँडिंगची, आणि समजायला ती सर्वांत अवघड आहे. अर्थिंग आणि बाँडिंग यांत लोक नेहमी गल्लत करतात. अर्थिंगमुळे दोषाचा प्रवाह सुरक्षित वाटेने मूळ पुरवठ्याकडे परततो आणि ब्रेकर तुटतो. बाँडिंगमध्ये टबाभोवतीचे धातूचे भाग, पंपाची चौकट, जवळचे कठडे आणि जमिनीतील सळ्या तांब्याच्या भरीव तारेने एकमेकांना जोडतात, म्हणजे त्या सर्वांचा विद्युतदाब सारखा राहतो. तारेवर बसलेल्या पक्ष्याला शॉक लागत नाही, कारण त्याचे दोन्ही पाय एकाच दाबावर असतात. पाण्यातून बाहेर येताना एक पाय टबात, एक पाय ओल्या फरशीवर आणि हात कठड्यावर असलेल्या माणसाला बाँडिंग तीच सुरक्षितता देते. कारखान्यात पूर्ण तयार झालेल्या काही टबांना या अटीतून ठरावीक परिस्थितीत सवलत मिळते, पण ती लागू आहे की नाही हे निरीक्षकाने ठरवायचे असते.

पाचवी अट परवान्याची आणि तपासणीची. काम करणारा इलेक्ट्रिशियन परवानाधारक हवा. त्याने केलेले काम दुसऱ्या, अनोळखी डोळ्यांनी पाहिले गेले पाहिजे. माणूस स्वतःच्या कामातली चूक सहसा पाहू शकत नाही, या अनुभवातून ही अट आली आहे.

वापरलेल्या टबाने काय बदलते

नवा टब एकाच कारखान्यातून, एका निश्चित रचनेने येतो. जुन्या टबाला पूर्वायुष्य असते आणि ते बहुधा अज्ञात असते. हिवाळ्यात उबेसाठी आत शिरलेल्या उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असू शकतात. क्लोरीनच्या पाण्याने हीटरचे आवरण गंजून करंट पाण्यात झिरपू शकतो. आधीच्या मालकाने बंद पडलेला पंप बदलताना भलताच पंप बसवलेला असू शकतो. काही जुन्या टबांना तीनच वायरींची जोडणी लागते. ती आजच्या चार वायरींच्या पद्धतीशी जुळवताना न्यूट्रल चुकला, तर जीएफसीआय एक तर पुनःपुन्हा पडतो किंवा नीट काम करत नाही. टबावरची पाटी पुसट झालेली असते. त्याला किती व्होल्ट आणि किती अँपिअर लागतात, आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची खूण त्यावर आहे की नाही, हे तिच्यावरूनच कळते. पाटी वाचता आली नाही तर निरीक्षक जोडणीला मंजुरी नाकारू शकतो.

म्हणून जुना टब पाण्याने भरण्याआधी पॅनेल उघडून वायरी, जोड, हीटर आणि अर्थिंगची क्लॅम्प पाहणे, इन्सुलेशनचा विरोध मीटरने मोजणे, जुना झालेला जीएफसीआय बदलणे ही कामे टाळता येत नाहीत. आधीच्या घरी तो वर्षानुवर्षे चालत होता हा पुरावा पुरेसा नसतो. तिथली जमीन, तिथली अर्थिंग आणि तिथले ब्रेकर वेगळे होते. शिवाय वाहतुकीत बसलेला हादरा टबाच्या आतल्या जोडांनी सोसलेला असतो.

अजाणतेपणाची परीक्षा

यातले बहुतेक दोष मालकाला दिसत नाहीत. त्यामुळे अपघात झाल्यावर 'मला माहीत नव्हते' हे वाक्य बहुधा खरेच असते. ते निमित्त म्हणून पुरेसे आहे का, याची पहिली पद्धतशीर चर्चा अॅरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रात आढळते. अज्ञानामुळे घडलेले कृत्य स्वेच्छेने केलेले नसते, हे तो मान्य करतो. पण जे जाणून घेणे माणसाच्या हातात होते आणि सोपे होते, ते न जाणणे हा त्याच्या मते दोष आहे. तो माणूस मुळात बेफिकीर स्वभावाचा आहे, या सबबीलाही तो महत्त्व देत नाही, कारण बेफिकीर वागून वागूनच माणसाने तो स्वभाव घडवलेला असतो.

इंग्लिश गणितज्ञ विल्यम क्लिफर्ड यांनी १८७७ साली श्रद्धेच्या नीतिशास्त्रावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले उदाहरण जुन्या टबाच्या प्रश्नाशी आश्चर्यकारकरीत्या जुळते. एका जहाजमालकाचे जहाज जुने, मुळात फार पक्के न बांधलेले आणि अनेकदा दुरुस्त केलेले असते. परदेशी स्थलांतर करणाऱ्या कुटुंबांना घेऊन ते निघणार असते. मालकाच्या मनात शंका येतात. जहाज तपासून घ्यावे असे वाटते. पण खर्चाच्या भीतीने तो स्वतःची समजूत घालतो: इतक्या सफरी सुखरूप झाल्या, ही एकही होईल, देव निष्पाप कुटुंबांचे रक्षण करील. हळूहळू त्याला ते मनापासून पटते. जहाज समुद्रात बुडते. क्लिफर्ड म्हणतात, मालकाचा विश्वास प्रामाणिक होता, तरी तो धरण्याचा अधिकार त्याला नव्हता, कारण तपास करून नव्हे, तर शंका दाबून तो मिळवलेला होता. पुढे ते आणखी म्हणतात, की जहाज सुखरूप पोहोचले असते तरी मालकाचा दोष तसूभरही कमी झाला नसता. तो फक्त उघड झाला नसता.

या उदाहरणाने प्रश्नाची जागा बदलते. दोष अपघातात शोधण्याऐवजी तो त्या आधीच्या क्षणात शोधावा लागतो, जिथे शंका आली होती आणि ती बाजूला सारली गेली. पुसट पाटी पाहून 'चालेल' असे म्हणणे हा तो क्षण. परिचिताकडून फुकट मिळालेला टब असल्यामुळे विश्वास ठेवणे, इलेक्ट्रिशियनचा खर्च टबाच्या किमतीहून जास्त आहे म्हणून तो टाळणे, हे त्याच क्षणाचे दुसरे चेहरे आहेत. टब फुकट मिळाला म्हणून त्याच्यासोबत येणारे कर्तव्य कमी होत नाही.

हिंसा आणि प्रमाद

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत सूक्ष्म मीमांसा जैन आचार्यांनी केली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेच्या व्याख्येचा केंद्रबिंदू प्रमाद हा आहे: गाफीलपणे वागणाऱ्याच्या मन, वाणी व शरीराच्या व्यापारातून प्राणहानी होते, ती हिंसा. कुंदकुंदांच्या प्रवचनसारात हा विचार एक पाऊल पुढे जातो. जीव मरो किंवा वाचो, बेपर्वाईने वागणाऱ्याला हिंसेचा दोष निश्चित लागतो. आणि पूर्ण काळजी घेणाऱ्याच्या हातून नकळत जीव गेला तरी त्याला तसा बंध होत नाही. क्लिफर्ड यांच्या शेकडो वर्षे आधी हा निष्कर्ष इथे मांडला गेला आहे.

जैन साधूंच्या पाच समित्यांत, म्हणजे सावध वर्तनाच्या पाच प्रकारांत, आदाननिक्षेपण समिती येते. वस्तू उचलताना आणि ठेवताना आधी पाहणे, जागा झाडून घेणे, कोणत्याही जीवाला इजा होणार नाही याची खात्री करून मगच ती ठेवणे, असे तिचे स्वरूप आहे. जुनी वस्तू एका घरातून उचलून दुसऱ्या घरी ठेवण्याचे काम या समितीच्या कक्षेत नेमके बसते. इथे काळजी ही मनातली सद्भावना नाही. ती हाताने करायची, क्रमाने करायची कृती आहे. तपासणीची यादी हा तिचा आजचा अवतार म्हणता येईल.

बौद्ध परंपरेत अप्पमाद, म्हणजे सदैव जागे असणे, याला असेच मध्यवर्ती स्थान आहे. धम्मपदाचा दुसरा वर्ग त्याच नावाचा आहे आणि बुद्धांच्या अखेरच्या उपदेशातही अप्पमादाचाच आग्रह आहे. मराठी वाचकाला हा विचार ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात सर्वांत जवळचा वाटेल. गीतेतील ज्ञानाच्या लक्षणांपैकी अहिंसा या एका शब्दावर ज्ञानेश्वरांनी विस्ताराने लिहिले. अहिंसक माणसाचे चालणे, बोलणे, पाहणे, हात उचलणे यांचे त्यात बारीक वर्णन आहे. पाण्यावरची लाट न मोडता पाऊल टाकणाऱ्या पक्ष्यासारखे त्याचे चालणे असते. अहिंसा म्हणजे कोणाला मारायचे नाही असा नुसता निश्चय नव्हे. आपल्या प्रत्येक हालचालीचा भार कोणावर पडतो याचे भान तिच्यात येते, असा त्या वर्णनाचा आशय आहे. परसात टब बसवणाऱ्याच्या हातातला स्क्रू-ड्रायव्हरही या अहिंसेच्या कक्षेबाहेर राहत नाही.

प्रमाद आणि हेतुपूर्वक केलेला घात यांत मात्र परंपरेने फरक केला आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात मुद्दाम आग लावणाऱ्याला अग्नीनेच मृत्युदंड आहे. निष्काळजीपणे आग लागली तर ५४ पण दंड आहे. आग विझवण्यासाठी पाण्याची भांडी, शिडी, कुऱ्हाड अशी साधने घरी न ठेवणाऱ्यालाही लहानसा दंड सांगितला आहे, मग आग लागलेली असो वा नसो. हा शेवटचा दंड या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. इथे कोणाचेही नुकसान झालेले नाही; तयारी नव्हती एवढ्यासाठीच राज्य जाब विचारते. विनापरवाना जोडणीला होणारा आजचा दंड याच विचाराचा वारस आहे.

दैवाची जागा

'ज्याची वेळ आली तो जातो' हे वाक्य शोकाच्या घरी सांत्वन म्हणून उच्चारले जाते, आणि तिथे ते आदरास पात्र आहे. पण टब बसवण्याआधी तेच वाक्य मनात आले, तर ते सांत्वन राहत नाही, सबब होते. दैव मानणाऱ्या ग्रंथांनीही ही सबब मान्य केलेली नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कोणतेही कर्म घडण्याची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. टबाच्या बाबतीत अधिष्ठान म्हणजे तो ठेवण्याची जागा, तिची जमीन, वरून जाणाऱ्या तारा. कर्ता म्हणजे मालक आणि इलेक्ट्रिशियन. करण म्हणजे वायरी, ब्रेकर, जीएफसीआय. चेष्टा म्हणजे जोडणी, तपासणी, चाचणी. दैव पाचवे आहे. वादळात कोसळलेली तार त्याच्या खात्यात जाईल. पण वर्षभर न पाहिलेला जीएफसीआय त्याच्या खात्यावर टाकता येणार नाही. याच अध्यायात परिणाम, हानी, हिंसा आणि स्वतःची कुवत यांचा विचार न करता मोहाने आरंभलेल्या कर्माला तामस म्हटले आहे. विजेचे ज्ञान नसताना ५० अँपिअरची जोडणी स्वतः करणे हे त्यात तंतोतंत बसते.

आधुनिक तत्त्वज्ञानात हाच प्रश्न 'नैतिक दैव' या नावाने चर्चिला जातो. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल यांनी तो मांडला. नेगेल यांच्या उदाहरणात एका चालकाने गाडीचे ब्रेक वेळेवर तपासलेले नसतात. रस्त्यात मूल आडवे आले तर तो आयुष्यभर अपराधी ठरतो. आले नाही तर त्याला कोणी काही म्हणत नाही. त्याचा हलगर्जीपणा मात्र दोन्ही वेळा सारखाच आहे. माणसे परिणाम पाहून दोष देतात, आणि तरीही परिणाम हातात नसताना दोष देणे अन्यायाचे वाटते. हा पेच नेगेल यांनी उघडा ठेवला.

जैन उत्तर इथे अधिक ठाम आहे आणि सुरक्षिततेच्या नियमांनी व्यवहारात तेच स्वीकारले आहे. निरीक्षक अपघाताची वाट पाहत नाही. चुकीची जोडणी आजवर चालली असेल तरी तो ती बंद करतो. परिणामाचा विचार तो टाळत नाही. फक्त तो विचार माणूस पाण्यात उतरण्याच्या आधी करतो. शोकग्रस्त मालकाकडे करुणेने पाहणे आणि त्याच्या चुकीला चूक म्हणणे, या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात. एकीसाठी दुसरी सोडावी लागत नाही.

देणारा आणि घेणारा

वापरलेल्या वस्तूत कर्तव्य दोन माणसांत विभागले जाते. विकणाऱ्याने किती सांगावे, हा प्रश्न रोमन विचारवंत सिसेरोने इसवी सनपूर्व ४४ मध्ये लिहिलेल्या कर्तव्यविषयक ग्रंथाच्या तिसऱ्या भागात चर्चिला आहे. एक माणूस घर विकतो. त्याचे लाकूड पोखरलेले आहे, खोल्यांत विषारी प्राणी निघतात, आणि हे फक्त त्यालाच ठाऊक आहे. बॅबिलोनचा तत्त्वज्ञ डायोजिनीस म्हणतो, की खरेदीची सक्ती नसल्यामुळे न सांगणे म्हणजे फसवणूक नव्हे. त्याचा शिष्य अँटिपाटर म्हणतो, की जाणून-बुजून माणसाला चुकीत पडू देणे हे वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहूनही वाईट आहे. सिसेरो अँटिपाटरच्या बाजूने कौल देतो. त्याच न्यायाने, जीएफसीआय वारंवार पडत होता, एकदा झिणझिणी आली होती, हीटर घरीच दुरुस्त केला होता, हे टब देणाऱ्याने सांगितलेच पाहिजे. 'आहे तसा' या शब्दांनी व्यवहाराची जबाबदारी कदाचित संपत असेल, पण जाणलेला धोका सांगण्याचे कर्तव्य त्यामुळे संपत नाही.

घेणाऱ्याच्या कर्तव्याचे सर्वांत सुंदर विवेचन यहुदी परंपरेत मिळते. तोराहच्या पाचव्या ग्रंथात, बाविसाव्या अध्यायात, नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा बांधावा, नाहीतर तिथून पडणाऱ्याच्या रक्ताचा दोष त्या घरावर येईल, अशी आज्ञा आहे. देवाच्या आज्ञांच्या मालिकेत बांधकामाचा एक नियम यावा, ही गोष्टच अर्थपूर्ण आहे. आज्ञेत उल्लेख नव्या घराचा असल्यामुळे भाष्यकारांना प्रश्न पडला, की ज्याने घर बांधले नाही, विकत घेतले, वारशाने मिळवले किंवा भेट म्हणून घेतले, त्याचे काय? सिफ्रे या प्राचीन भाष्याने त्यांनाही आज्ञा लागू केली. बाराव्या शतकात मैमोनिडीसने ती आणखी रुंदावली: विहीर असो, खड्डा असो, जिथे जिवाला धोका आहे तिथे तो दूर करणे बंधनकारक. गच्चीवर येणारा पाहुणा कठडा किती भक्कम आहे हे तपासत नाही. कठडा आहे या भरवशावर तो चालतो. टबात उतरणाऱ्या मुलाचा भरवसा तसाच असतो. त्याला बाँडिंग म्हणजे काय ते माहीत नसते आणि माहीत असण्याची अपेक्षाही करता येत नाही. त्याला एवढेच माहीत असते, की हे पाणी काकांच्या घरचे आहे.

भरवशाचा हा एकतर्फीपणाच कर्तव्याचा उगम आहे. ज्याला पाहता येते त्याने, ज्याला पाहता येत नाही त्याच्यासाठी पाहायचे असते. टब विकत घेतला की भेट मिळाला, नवा आहे की जुना, यांवर ते अवलंबून नाही.

पडणाऱ्या जीएफसीआयचा अर्थ

या सगळ्या विचाराची कसोटी एका छोट्याशा प्रसंगात लागते. जुना टब जोडला जातो, पाणी भरले जाते, आणि जीएफसीआय पडतो. पुन्हा चालू केला की पुन्हा पडतो. कंटाळून कोणी तो काढतो आणि साधा ब्रेकर बसवतो. टब चालू होतो, पाणी तापते, आणि काम फत्ते झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात काय घडले? पाच मिलिअँपिअर कुठेतरी हरवत आहेत, ही साक्ष त्या उपकरणाने दिली होती. हीटर झिरपत असेल, न्यूट्रल चुकीच्या जागी जोडला असेल किंवा ओलावा एखाद्या जोडात शिरला असेल. दोष दूर करण्याऐवजी तो सांगणारा साक्षीदारच बाजूला केला गेला. क्लिफर्ड यांच्या जहाजमालकाने शंका मनातून काढून टाकली होती. इथे ती तारेतून काढून टाकली जाते. इथून पुढे अजाणतेपणाचा दावा करता येत नाही, कारण कळवण्याचे काम झालेले आहे.

याच्या उलट वागणे फार साधे आहे. प्रत्येक वेळी टब वापरण्याआधी, निदान महिन्यातून एकदा तरी, जीएफसीआयवरचे चाचणीचे बटण दाबायचे. पुरवठा तुटला तर तो पुन्हा चालू करायचा; तुटला नाही तर कोणालाही पाण्यात उतरू द्यायचे नाही. हा एका मिनिटाचा विधी आहे. त्यात श्रद्धेला जागा आहे आणि तपासालाही. माणूस उपकरणावर विश्वास ठेवतो, पण तो विश्वास दर वेळी पुन्हा कमावतो. जैन साधू जागा झाडून मगच पाऊल ठेवतो, गच्चीचा मालक कठडा हलवून पाहतो, तशीच ही कृती आहे. परवानाधारकाकडून जोडणी, निरीक्षकाची तपासणी, विकणाऱ्याचे खरे बोलणे, घेणाऱ्याची चौकशी आणि महिन्याचे ते एक बटण, एवढ्या गोष्टी झाल्या की माणसाच्या हातातली चारही कारणे पूर्ण होतात. उरलेले पाचवे, ते दैव, आणि त्याच्यापुढे हात जोडण्याचा अधिकार माणसाला त्यानंतरच मिळतो.